देवावर भार टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आजच्या भागाचं हे लिखित रूप, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी. बोलण्याच्या ओघातलं थोडं इकडेतिकडे केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

विषय तुमच्याकडूनच आला. बरेच श्रोते माझ्याच वयाचे, आयटीतले. कुणाच्या टीममधली माणसं कमी झालीत, कुणाच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, कुणाला रात्री दोनला सर्व्हर पडला म्हणून फोन येतो. घरी सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, "अरे, देवावर भार टाक, होईल सगळं नीट." मी बीटेक झालेला माणूस, रत्नागिरीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. मला प्रश्न पडला की भार टाकायचा म्हणजे नेमकी प्रोसेस काय? सोमवारची डेडलाइन तर तिथेच असते ना!

आधी ताण म्हणजे काय ते बघू. रिचर्ड लॅझरस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या मते एखादी घटना समोर आली की मन दोन प्रश्न विचारतं. यात मला धोका आहे का? आणि याला तोंड द्यायला माझ्याकडे काय आहे? धोका मोठा आणि हाताशी काहीच नाही असं वाटलं की ताण वाढतो. म्हणून एकाच मीटिंगमधून एक जण हसत बाहेर येतो आणि दुसऱ्याची झोप उडते. श्रद्धा मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात भर घालते. प्रसंग तोच राहतो, पण 'मी एकटा नाही' ही गोष्ट हिशोबात येते.

याचं उदाहरण आपल्या रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटरवर आहे. पावसचे स्वामी स्वरूपानंद. आपल्यापैकी अनेकांनी तिथल्या मंदिरात प्रसादाची खिचडी खाल्ली असेल, पण त्यांचं आयुष्य फारसं वाचलेलं नसतं. मूळ नाव रामचंद्र विष्णू गोडबोले, जन्म १५ डिसेंबर १९०३, पावसचाच. गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन शिक्षण सोडलं, गावात शाळा काढली, सत्याग्रहात उतरले आणि येरवड्याच्या तुरुंगातही गेले. म्हणजे जगापासून पळालेला माणूस नव्हे हा.

मग १९३४ मध्ये, तिशीच्या सुरुवातीला, ते इतके आजारी पडले की मृत्यू अगदी समोर उभा राहिला. जगले, पण शरीर कायमचं नाजूक झालं. पुढची सुमारे चाळीस वर्षं पावसच्या देसाई कुटुंबाच्या घरी, अनंत निवासात, जवळजवळ एका खोलीत काढली. विचार करा, आपल्या वयाच्या माणसाचे सगळे प्लॅन एका आजारात संपले. पण तेवढ्याच जागेत बसून त्यांनी सोहं साधना केली, येईल त्याला धीर दिला आणि ज्ञानेश्वरी साध्या मराठीत अभंगरूपाने उतरवली. 'अभंग ज्ञानेश्वरी', 'भावार्थ गीता', 'संजीवनी गाथा' ही सगळी त्यांचीच कामं. १५ ऑगस्ट १९७४ ला ते समाधिस्थ झाले.

इथे मला 'भार टाकणे' समजायला लागतं. प्रकृती त्यांच्या हातात नव्हती, तो भार त्यांनी सोडला. लेखणी हातात होती, ती सोडली नाही.

आता हीच गोष्ट संशोधनाच्या भाषेत. अमेरिकेतले केनेथ पार्गमेंट यांनी संकटात माणसं देवाशी कशी वागतात याचे तीन प्रकार मांडले. पहिला, 'माझं मीच बघतो.' दुसरा, 'तूच बघ, मी काही करत नाही.' तिसरा, 'मी माझं करतो, तू सोबत राहा.' यातला तिसरा, भागीदारीचा प्रकार साधारणपणे मानसिक आरोग्याला चांगला मानला जातो. अर्थात, जिथे खरोखरच काही करता येत नाही, तिथे दुसऱ्या प्रकारचाही आधार होऊ शकतो. आपल्याकडे आजी म्हणते ना, "प्रयत्न आपले, यश त्याचं." तोच हा तिसरा प्रकार.

नामस्मरणाचं काय? २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा छोटासा अभ्यास आला होता, २३ निरोगी माणसांवरचा. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला. एरवी तो साधारण १२ ते २० असतो. श्वास संथ झाला की हृदयाची लयही सुधारते. सोहं साधनेत तर श्वासावरच लक्ष असतं, आत घेताना 'सो', सोडताना 'हं'. देव मानत नसाल तरी शरीराला एवढा फायदा मिळू शकतो. मानत असाल तर त्यात सोबतीची भावना मिसळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट वाचा. श्रद्धा उलटीही फिरू शकते. 'देव मला शिक्षा करतोय', 'देवाने मला टाकलं' असं वाटणाऱ्या वयस्क रुग्णांचा पार्गमेंट यांनी दोन वर्षं मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त दिसला. म्हणून खचलेल्या माणसाला "तुझी श्रद्धाच कमी पडते" असं कृपया म्हणू नका. तो आधीच स्वतःला दोष देत असतो, त्यात आणखी भर पडते.

आणि दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर डॉक्टरकडे जायचं. आपल्या शहरातच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाला लाजायचं कारण नाही. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइनही आहे, नंबर १४४१६, मोफत. गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. ताप आला की आपण पॅरासिटामॉल घेतोच की, आणि देवाला नमस्कारही करतो.

मग रोज करायचं काय? मी जे करतो ते सांगतो. रात्री वहीत दोन रकाने. एकात उद्या माझ्या हातात असलेलं: कोड तपासणं, मॅनेजरला उशिराची कल्पना देणं, रेझ्युमे अपडेट करणं. दुसऱ्यात हातात नसलेलं: कंपनीचा निर्णय, बाजार, बाबांचे रिपोर्ट. पहिल्या रकान्यातलं एक काम लगेच ठरवतो. दुसरा रकाना वाचून देवासमोर ठेवतो, दहा मिनिटं श्वासाबरोबर नाम घेतो आणि झोपतो. काळजी पूर्ण जात नाही. पण रात्री तीनला तेच विचार परत आले तर मनाला सांगता येतं, हे दुसऱ्या रकान्यातलं आहे, दिलंय ते.

आठवडाभर करून बघा आणि तुमच्या दुसऱ्या रकान्यात काय आलं ते जमलं तर कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.