जुने तेल इंजिन : ओळख आणि जीर्णोद्धार

गावाबाहेरील पडक्या विहिरीच्या थारोळ्याजवळ, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या छपराखाली किंवा जुन्या पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यात बिडाच्या मोठ्या चाकांचे एक गंजलेले धूड कधी कधी पडलेले आढळते. पाहणाऱ्यास ते निव्वळ भंगार वाटते आणि भंगाराचा व्यापारी त्याची किंमत वजनावर ठरवितो. परंतु ज्या यंत्राने मोटेची आणि बैलांची जागा घेतली, उसाचा चरक फिरविला व दळणाचा भार हलका केला, तेच हे तेल इंजिन होय. एका जागी पक्क्या पायावर बसवून चालविले जात असल्यामुळे त्यास स्थिर इंजिन म्हणतात. अशी बहुतेक इंजिने सामान्य प्रकारची असतात. पण एखादे अत्यंत दुर्मिळही असू शकते. हातोड्याचा पहिला घाव बसण्यापूर्वी ते कोणते आहे याचा शोध घेतला नाही, तर आपण काय गमावले हे नंतर कोणासही सांगता येत नाही.

तेल इंजिनाची वाटचाल

इंग्लंडमधील हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० च्या सुमारास जड तेलावर चालणाऱ्या इंजिनाचे एकस्व मिळविले आणि ग्रँथम येथील हॉर्न्सबी कारखान्याने १८९२ पासून त्याची विक्री सुरू केली. ह्या इंजिनाच्या सिलिंडरच्या मागील बाजूस अरुंद मानेने जोडलेला एक पोकळ गोळा असे. सुरू करण्यापूर्वी हा गोळा दिव्याच्या झोताने काही मिनिटे तापवावा लागे. तप्त गोळ्यात तेल सोडले की त्याची वाफ होई; दट्ट्याने दाबलेली हवा मानेतून आत शिरली की ते मिश्रण पेट घेई. एकदा इंजिन चालू लागले की ज्वलनाच्या उष्णतेनेच गोळा तप्त राही व दिवा विझविता येई. ठिणगीसाठी विजेची गरज नसल्यामुळे आडवळणाच्या ठिकाणीही ही इंजिने उपयोगी पडली. १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापार बिनतारी संदेश पाठविला, तेव्हा पोल्डू येथील केंद्रातील विद्युत् जनित्र हॉर्न्सबी-अक्रॉइड इंजिनावरच चालत होते. पुढे १९१८ मध्ये रस्टन आणि हॉर्न्सबी हे कारखाने एकत्र आले व त्या जोडनावाची इंजिने भारतातही आली.

दुसरी वाट रूडॉल्फ डीझेल यांची. जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे १८९७ मध्ये यशस्वी ठरलेल्या त्यांच्या इंजिनात तप्त गोळा नव्हता. हवा इतक्या जोराने दाबली जाई की तिच्या उष्णतेनेच तेल पेटे. पुढील काळात हीच पद्धती सर्वत्र रूढ झाली.

महाराष्ट्राचा ह्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. धनजीशा कूपर यांच्या साताऱ्यातील कारखान्यात १९३३ मध्ये तयार झालेले डिझेल इंजिन हे भारतात बनलेले पहिले डिझेल इंजिन गणले जाते. १९४६ मध्ये पुणे येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर देशी इंजिन पोचू लागले. पुढे खेडोपाडी वीज आली, विजेच्या पंपांनी विहिरी काबीज केल्या आणि इंजिने अडगळीत गेली. म्हणूनच परदेशी तप्तगोल इंजिनाइतकेच साताऱ्यात बनलेले एखादे आरंभीचे इंजिनही मोलाचे मानले पाहिजे.

ओळख कशी पटवावी ?

इंजिनावरील पितळी पट्टी हा पहिला पुरावा. पण तो नेहमीच निर्णायक नसतो. पुष्कळदा पट्टी चोरीस गेलेली असते, तर कधी उरलेली पट्टी कारखान्याची नसून इंजिन आयात करून विकणाऱ्या पेढीची असते. विक्रेत्याचे नाव हे निर्मात्याचे नाव समजणे ही फार आढळणारी चूक होय. पट्टी नसल्यास क्रँकशाफ्टचे टोक, चाकाची कड आणि सिलिंडरची जोडकडा येथे ठोकलेले अंक शोधावेत. ओतकामातच उठावाने आलेली अक्षरे व भागांचे क्रमांकही लिहून घ्यावेत. अंक पुसट असल्यास ते घासू नयेत. शाळेतील मुले नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवितात, त्याच रीतीने त्यांचा ठसा घ्यावा.

त्यानंतर रचना पाहावी. सिलिंडर आडवा आहे की उभा ? मागे तप्त गोळा आहे, ठिणगीसाठी मॅग्नेटो आहे, की केवळ तेलाचा पंप व फवारा आहे ? गोळा आढळला तर इंजिन तप्तगोल प्रकारचे, मॅग्नेटो आढळला तर ठिणगीवर चालणारे आणि दोन्ही नसून फवारा आढळला तर बहुधा डिझेल, असा प्राथमिक निष्कर्ष काढता येतो. बोल्टचे आटेही बोलके असतात. जुन्या ब्रिटिश यंत्रांवर इंचाच्या मापाचे व्हिटवर्थ आटे असतात, तर युरोप खंडातील यंत्रांवर सामान्यतः मेट्रिक आटे आढळतात. मात्र मागाहून बदललेले बोल्ट फसवू शकतात. म्हणून आटे मुख्य भागांवर तपासावेत.

नकलांविषयीही सावध असावे. इंग्लंडमधील लिस्टर कारखान्याने १९३० च्या सुमारास दोन उघड्या चाकांचे, मिनिटास ६०० फेरे घेणारे पाच अश्वशक्तीचे एक उभे डिझेल इंजिन बाजारात आणले. ते इतके टिकाऊ ठरले की त्याच धर्तीची इंजिने पुढे राजकोट येथे मोठ्या प्रमाणावर तयार झाली. केवळ आकार पाहून अशा इंजिनास इंग्रजी ठरविणे योग्य नव्हे. कोणत्याही एकाच खुणेवर विसंबून न राहता, दोन-तीन स्वतंत्र खुणा एकमेकींशी जुळल्यावरच निर्णय करावा.

जीर्णोद्धाराची रीत

ओळख पटेपर्यंत दुरुस्तीस हात घालू नये. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहावीत आणि सुटा केलेला प्रत्येक भाग क्रमांकाची चिठ्ठी बांधून ठेवावा. अडकलेला दट्ट्या घणाने ठोकून किंवा ट्रॅक्टरने चाक ओढून सोडविण्याचा मोह टाळावा. बीड वाकत नाही, ते फुटते. सिलिंडरमध्ये पातळ तेल घालून दिवसेंदिवस, प्रसंगी कित्येक आठवडे मुरू द्यावे आणि नंतर लाकडी ठोकळा मध्ये धरून हलक्या हाताने दाब द्यावा. थंडाव्याच्या पाण्याच्या पोकळीत जड पाण्याचा क्षार साचलेला असतो. तो सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने हळूहळू काढता येतो. बेअरिंगमधील पांढरा धातू झिजला असल्यास तो जाणत्या कारागिराकडून नव्याने ओतून घ्यावा. चिरलेल्या बिडावर घाईने केलेले वेल्डिंग चीर वाढविते. त्यासाठी धातूचे टाके घालण्याची थंड पद्धती अनेकदा अधिक सुरक्षित ठरते.

गतिपालक चाकाची तपासणी सर्वांत महत्त्वाची. मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो, तसेच चाकाच्या आऱ्यांवर हलकेच टिचकी द्यावी. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर चिरेचा संशय धरावा. तथापि एवढ्यावर न थांबता तज्ज्ञाकडून परीक्षा करून घ्यावी. गतिनियंत्रक अडकला आणि इंजिन बेफाम धावू लागले, तर बिडाचे चाक फुटून प्राणहानी होऊ शकते. म्हणून सुरू करण्यापूर्वी ते बंद कसे करावयाचे याची खात्री करून घ्यावी. जुन्या जोडांतील व धुराच्या नळीवरील वेष्टनात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसास घातक असल्याने ते कोरडे खरवडू नये व हे काम जाणकारावरच सोपवावे.

वाळूचा मारा करून इंजिन चकचकीत करणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. मूळ रंगाचा एखादा पापुद्रा आणि गावच्या मिस्त्रीने बसविलेले ठिगळ, हेही इतिहासाचे साक्षीदार आहेत. नवा भाग बसविल्यास त्यावर वर्ष कोरावे आणि जुना भाग जपून ठेवावा. फारच दुर्मिळ इंजिन असेल तर ते चालविण्याऐवजी आहे त्या स्थितीत जतन करणेच शहाणपणाचे ठरते.

गावाने काय करावे ?

१९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमात शंभर वर्षांहून कमी नसलेल्या, गतकालीन विज्ञानावर प्रकाश टाकणाऱ्या किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंचा पुरावशेषांत समावेश होतो आणि अशा वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठविण्यास मनाई आहे. तेव्हा पंचायतीच्या किंवा सहकारी संस्थेच्या मालकीचे जुने इंजिन लिलावात काढण्यापूर्वी त्याचे वय व स्वरूप निश्चित करून घेणे अगत्याचे आहे. शंका आल्यास पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा.

शाळेतील शिक्षकांना येथे मोठे काम करता येण्याजोगे आहे. गावात इंजिने कोठे आहेत, ती कोणी आणली, त्यांवर कोणते पीक पिकले, ती केव्हा व का बंद पडली, याची नोंद विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून केली तर विज्ञान व इतिहास ह्या दोहोंचा पाठ एकदम होईल. ही इंजिने हाताळलेले मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत. कोणत्या इंजिनास कोणत्या हाताने झटका द्यावयाचा आणि त्याचा आवाज बिघडला की काय पाहावयाचे, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. ते कोणत्याही पट्टीवर कोरलेले नाही. इंजिन छपराखाली आणखी काही वर्षे तग धरू शकेल; ह्या माणसांना प्रश्न विचारण्याचे काम मात्र लांबणीवर टाकता येणार नाही.