लांडोर बंगल्यापासून रानपिंगळ्यापर्यंत

दरवर्षी ३१ जुलैला धुळे शहराजवळच्या लळिंग कुरणात निळे झेंडे दिसू लागतात. १९३७ साली याच तारखेला बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले होते आणि तेथील लांडोर बंगल्यात मुक्कामी राहिले होते. त्या आठवणीला अभिवादन करण्यासाठी खानदेशातील गावागावांतून माणसे येतात. अभिवादन होते, भाषणे होतात, डबे सुटतात आणि संध्याकाळी गाड्या परत फिरतात.

बंगल्याच्या नावातच पक्षी आहे. लांडोर म्हणजे मोराची मादी. पण आपल्यापैकी कितीजण त्या दिवशी मान वर करून झाडाकडे पाहतात? दुसऱ्या कोणाला दोष देत नाही. मी स्वतः अनेक वर्षे तेथे गेलो आणि व्यासपीठाखेरीज काही पाहिले नाही.

पक्षी पाहणे हा आपला विषय नाही, असे आपण धरून चाललो आहोत. गळ्यात दुर्बीण अडकवलेला माणूस म्हणजे पुण्या-मुंबईचा सुखवस्तू, हे चित्र डोक्यात पक्के आहे. त्याला कारणही आहे. आपल्या आजी-आजोबांसाठी जंगल म्हणजे सरपणाची मोळी, डिंक, तेंदूपत्ता आणि वनखात्याच्या शिपायाची काठी. तेथे मौजेला कोण जाणार? परंतु जंगलाकडे पाठ फिरवली की जंगलाचे ज्ञानही दुसऱ्याच्या हाती जाते आणि जंगलावरचा हक्कही. रानपिंगळ्याची गोष्ट हेच सांगते.

रानपिंगळा हे लहानसे घुबड. १८७३ मध्ये अॅलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसचे एक संस्थापक झाले. पक्ष्याला नाव दिले ब्लेविट या युरोपीय संग्राहकाचे. १८८४ च्या सुमारास खानदेशात नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर तब्बल ११३ वर्षे हा पक्षी कोणा अभ्यासकाला दिसला नाही. दरम्यान कर्नल माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने, १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आपण तो मिळवल्याचा दावा केला. प्रत्यक्षात तो नमुना डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरून, पुन्हा भरून, नव्या चिठ्ठीसह ठेवलेला होता. एका बड्या साहेबाच्या खोट्या चिठ्ठीवर जगाने विश्वास ठेवला आणि शोध चुकीच्या जागी होत राहिला.

पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली. खोटी नोंद बाजूला सारून त्यांनी बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासह खऱ्या नोंदींचा माग काढला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा त्यांच्यासमोर फांदीवर बसलेला होता. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला.

हा पक्षी दिवसाढवळ्या शिकार करतो. सकाळच्या उन्हात निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर बसतो. म्हणजे सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा माणसाच्या डोळ्यांसमोरच तो वावरत होता. हरवला होता तो फक्त साहेबाच्या वहीतून. पुढे यावल अभयारण्यात आणि मेळघाटातही त्याच्या नोंदी झाल्या. २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या यादीतून ‘संकटग्रस्त’ यादीत आणले गेले. धोका संपला, असा याचा अर्थ नाही. साग तुटतो आहे, आणि घुबड म्हणजे अपशकुन ही अंधश्रद्धा अजून जिवंत आहे. बुद्धाचा मार्ग स्वीकारलेल्या घरात तरी घुबडाला दगड मारणारा हात असू नये.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चार मित्र रावेर तालुक्यातील पालला गेलो. यावल अभयारण्य १९६९ चे, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे. वाट दाखवायला एक पावरा तरुण होता. कोणता आवाज कोणाचा, कोणत्या ढोलीत कोण राहते, हे त्याला तोंडपाठ. रानपिंगळा काही दिसला नाही. परतताना सहज विचारले, तुमची शेती कुठे? तो म्हणाला, “साहेब, आम्ही ज्याला शेत म्हणतो त्याला कागदावर अतिक्रमण म्हणतात.”

जंगल तुटले हे खोटे नाही. लाकूडतस्करांनी सातपुडा ओरबाडला आणि नव्याने झाडे तोडून जमीन काढणारेही आहेत. पण दोन पिढ्या कसणारा आणि तस्कर यांना एकाच पिंजऱ्यात उभे करणे हा न्याय नव्हे. हा फरक करण्यासाठीच २००६ चा वनहक्क कायदा आला. अभयारण्यातही तो लागू आहे. हक्कांची पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय तेथून कोणाला हलवता येत नाही. वन्यजीव राखण्याचे अधिकारही हाच कायदा ग्रामसभेला देतो. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला आणि देशभर लाखो कुटुंबे हादरली. २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली.

यात आपला प्रश्नही आहे. आदिवासी नसलेल्या वननिवासींना या कायद्याखाली तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. म्हणजे १९३० पासूनचा! ज्या माणसाला तेव्हा गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्याच्याकडे १९३० चा कागद कुठून असणार? १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली याच खानदेशात भूमिहीन सत्याग्रहाला उतरले. त्यांच्या नातवंडांना आज पुरावा मागितला जातो. म्हणून हे ध्यानात ठेवा : ज्येष्ठांचा लेखी जबाब हाही या कायद्याने मान्य केलेला पुरावा आहे. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागा.

आणि मुलांना जंगलात न्या. जळगाव-भुसावळच्या मुलांना हतनूर धरण जवळ आहे. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. शिरपूरकरांना अनेर धरणाचे अभयारण्य आहे. भडक कपडे नकोत, मोबाईलवर गाणी नकोत. एक जुनी दुर्बीण चौघांत पुरते. पाहिलेला पक्षी, तारीख आणि जागा वहीत लिहायला शिकवा. ज्याची नोंद त्याचे नाव, हे आपण रानपिंगळ्याकडून शिकलो.

येत्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर जाल तेव्हा अभिवादन करून घटकाभर कुरणात फिरा. प्लास्टिक तेथे टाकू नका. आणि वाटेत कोणी गुरे चारणारा भेटला, तर त्याच्याजवळ बसा. पक्ष्याचे नाव विचारा, आणि त्याच्या सातबाऱ्याचे काय झाले, तेही विचारा.