परदेशवारी आणि विम्याची बारीक अक्षरे

नांदेड किंवा लातूर येथील एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या घरी अमेरिकेतून मुलीचा दूरध्वनी येतो, बाळंतपणाची तारीख कळते आणि सारे घर प्रवासाच्या तयारीस लागते. पारपत्र निघते, व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईची वा हैदराबादची खेप होते, डिंकाचे लाडू, मेतकूट आणि काळा मसाला तोलून-मापून पेटीत भरला जातो. कोणत्या पेटीत किती किलो, याचा हिशेब दहा वेळा होतो. विम्याचा हिशेब मात्र एकदाही होत नाही. तिकीट काढून देणारा दलालच शेवटच्या दिवशी विचारतो, "विमा टाकू का?" आणि "स्वस्तातला टाका" एवढे उत्तर देऊन गृहस्थ मोकळा होतो. प्रश्नावलीत मधुमेह व रक्तदाब यांच्यापुढे 'नाही' अशी खूण कोणी केली, हे पुढे कोणालाच आठवत नाही.

हे दृश्य आता अपवादात्मक राहिलेले नाही. एके काळी परदेशगमन ही या भागात वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येण्याजोगी घटना होती. आज संगणक अभियंता झालेल्या मुलामुलींचे आईवडील सहा-सहा महिन्यांसाठी अमेरिकेस जातात. 'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्या करूनही ज्यांना सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळत नाही, असे विद्यार्थी परदेशांतील वैद्यकीय विद्यापीठांचा रस्ता धरतात. कोणी उमऱ्यासाठी जातो, कोणी आखाती देशांत मजुरीसाठी. या साऱ्यांची प्रकृती, वय, मुक्काम आणि खिसा वेगवेगळा आहे. विमा मात्र बहुधा सारेच एका पद्धतीने घेतात, म्हणजे न वाचता.

वास्तविक विमा म्हणजे काय, हे मराठवाड्याला कोणी नव्याने शिकवावयास नको. येथील शिक्षक आणि कारकून यांच्यापैकी अनेकांची मुळे अद्याप गावच्या शेतात आहेत. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून आली. २०२३ च्या खरिपापासून काही हंगाम महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ती अवघ्या एका रुपयात मिळत होती. पण रुपया भरला म्हणजे भरपाई मिळालीच, असे झाले नाही. सोयाबीन पाण्याखाली गेले तर ७२ तासांच्या आत नुकसानीची सूचना द्यावयाची, ही अट ज्याला ठाऊक नव्हती, त्याचे नुकसान खरे असूनही दावा अडकला. हप्ता किती यापेक्षा जोखीम कोणती आणि सूचना केव्हा, हे प्रश्न मोठे असतात, हा धडा शेताच्या बांधावर मिळालेला आहे. तो विमानतळावर विसरला जाऊ नये, एवढेच सांगणे आहे.

निवडीचा हा प्रश्न तसा अलीकडचा. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ विमा कंपन्यांचा व्यवसाय चार सरकारी कंपन्यांत एकवटला. १९८४ मध्ये परदेशी जाणाऱ्यांसाठी वैद्यकीय विमा सुरू झाला, तेव्हा ग्राहकाने निवडावे असे फारसे काही नव्हतेच. २००० नंतर खाजगी कंपन्या या क्षेत्रात आल्या आणि आज एकाच प्रवासासाठी विमापत्रांचे अनेक नमुने समोर पसरलेले असतात. पूर्वी निवड नव्हती म्हणून विचार नव्हता. आता निवड इतकी आहे की विचाराचा कंटाळा येतो. परिणाम एकच: सर्वात कमी हप्त्यावर बोट ठेवले जाते.

यात व्हिसाच्या नियमांनी एक गैरसमज वाढविला आहे. युरोपातील शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा व्हिसा मागणाऱ्याने किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण दाखवावे, असा नियम आहे. तो नियम परदेशी सरकारांनी आपल्या सोयीसाठी केलेला आहे. ती किमान मर्यादा आहे, प्रवाशाच्या गरजेचे माप नव्हे. उलट, अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसासाठी विम्याची सक्ती नाही. म्हणजे जेथे सक्ती आहे तेथे लोक सक्तीपुरता विमा घेतात आणि जेथे सक्ती नाही तेथे टाळतात. पण जगातील सर्वात महागडे उपचार ज्या देशात आहेत, तो देश नेमका हा दुसरा आहे. तेथील अतिदक्षता विभागात काही दिवस काढावे लागले, तर येणारे बिल निवृत्त माणसाच्या भविष्यनिर्वाह निधीचा आणि उपदानाचा घास घेऊ शकते. म्हणून पहिला विचार देशाचा, दुसरा वयाचा आणि हप्त्याचा विचार त्यानंतर, असा क्रम असावयास हवा.

विमापत्राच्या पहिल्या पानावर लाख-दोन लाख डॉलरांचा आकडा ठळक अक्षरांत असतो. त्याचा खरा अर्थ आतल्या पानांवर उलगडतो. साठी ओलांडलेल्यांच्या पुष्कळशा विमापत्रांत खोलीभाडे, शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग अशा प्रत्येक बाबीस वेगळी मर्यादा घातलेली असते. एकूण रक्कम लाखाची असूनही शस्त्रक्रियेसाठी त्यातला लहानसा अंशच मिळतो आणि उरलेला भार कुटुंबावर पडतो. अमेरिकेत विकत मिळणाऱ्या काही विमापत्रांतही प्रत्येक उपचारास ठरावीक रक्कम देण्याची पद्धत असते. बिल कितीही येवो, कंपनी तेवढेच देते. अशा उपमर्यादा नसलेले विमापत्र महाग पडते, हे खरे. पण छत्री स्वस्त मिळाली म्हणून तिला भोके असलेली कोण घेईल?

दुसरी बाब प्रवाशाने स्वतः सोसावयाच्या रकमेची. ती १०० डॉलर असेल आणि दवाखान्याचे बिल ८० डॉलरांचे झाले, तर कंपनी काहीच देणार नाही. ही रक्कम वाढविली की हप्ता कमी होतो. सर्दी-पडशाचा खर्च ज्याला पेलवेल, त्याने ती थोडी अधिक ठेवून मोठ्या आजारासाठी संरक्षणाची रक्कम वाढवावी, हे शहाणपणाचे. तिसरी बाब दिवसांची. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद पडली, तेव्हा मुलांकडे गेलेले अनेक ज्येष्ठ नागरिक तेथेच अडकले. मुक्काम लांबला तशी विम्याची मुदत हाही चिंतेचा विषय झाला. मुदत वाढवावयाची तर ती संपण्यापूर्वीच अर्ज करावा लागतो. परतीच्या तारखेपुढे काही दिवस जोडून विमा घेण्यास फारसा खर्च येत नाही. दुर्दैवाने मृत्यू ओढवलाच, तर पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च विमापत्रात आहे की नाही, हेही पाहावे. बोलावयास हा विषय अशुभ वाटतो, परंतु परक्या देशात ती वेळ आली म्हणजे शोकापेक्षा आधी पैसा उभा करावा लागतो.

या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न पूर्वीपासूनच्या आजारांचा आहे. साठीच्या घरातील किती माणसे साखर किंवा रक्तदाब यांपैकी एकाची तरी गोळी घेत नाहीत? बहुतेक प्रवासविम्यांत पूर्वीचे आजार वगळलेले असतात. काहींत जिवावर बेतल्यास मर्यादित रकमेपर्यंत उपचार मान्य असतात. या कलमासाठी अधिक हप्ता पडला तरी ते घ्यावे. आणि आजार लपवू नये. खरे सांगितले तर विमा मिळणार नाही, या भीतीने 'नाही' असे लिहिणारा मनुष्य हप्ता भरतो, पण संरक्षण विकत घेत नाही.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारीशेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. जुलै २००९ मधील एका निकालात मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार प्रस्तावात न सांगणाऱ्या विमाधारकाच्या कुटुंबाचा दावा न्यायालयाने नाकारला. विम्याचा करार परम सद्भावाचा असतो आणि महत्त्वाची वस्तुस्थिती दडवली की तो पोकळ होतो, हे त्यामागील तत्त्व. दुसरे प्रकरण थेट परदेशप्रवासाचे. लग्नकार्यासाठी अमेरिकेस निघालेल्या एका गृहस्थाने २००९ मध्ये परदेशप्रवासाचा वैद्यकीय विमा घेतला होता. त्याने मधुमेह असल्याचे प्रस्तावात लिहिले होते आणि त्याची वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट बसवावे लागले. रक्तातील चरबीसाठी चालू असलेल्या औषधाची माहिती दिली नाही, असे म्हणून कंपनीने दावा फेटाळला. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही त्याला अपयश आले. अखेर ६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: प्रस्तावात सांगितलेली प्रकृती पारखून एकदा विमापत्र दिले की, त्याच प्रकृतीकडे बोट दाखवून कंपनीला मागे फिरता येत नाही. न्याय मिळण्यास १२ वर्षे लागली, ही गोष्ट दुःखाची आहेच. पण तो मिळाला, त्याच्या मुळाशी प्रस्तावातील एक प्रामाणिक ओळ होती. ती ओळ नसती, तर त्याचेही प्रकरण पहिल्या निकालाच्या वाटेने गेले असते.

विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी. परदेशी वैद्यकीय शिक्षणाबाबत २०२१ च्या राष्ट्रीय नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच देशात १२ महिन्यांची आंतरवासिता आवश्यक आहे. एवढ्या वर्षांच्या वास्तव्यास पर्यटकाचा विमा अपुरा आहे. विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र विमापत्रे असतात. आजारपणामुळे शिक्षण खंडित झाल्यास शुल्काची भरपाई, खर्च करणाऱ्या पालकाचा मृत्यू झाल्यास शिक्षणास आधार, मुलगा रुग्णालयात असता पालकांचा तेथवरचा प्रवास, अशा तरतुदी त्यांतील अनेकांत असतात. कर्ज काढून मुलाला पाठविणाऱ्या बापाच्या दृष्टीने या तरतुदी उपचारखर्चाइतक्याच मोलाच्या होत.

तरीही विम्याला सीमा आहे, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनने दाखवून दिले. युद्ध हा सर्वसाधारणपणे विम्यातून वगळलेला प्रसंग असतो. तळघरात रात्री काढणाऱ्या मुलांना त्या वेळी विमापत्राचा फारसा आधार नव्हता. 'ऑपरेशन गंगा'मध्ये ९० विमानांच्या फेऱ्यांतून आणि शासनाच्या खर्चाने सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी परतले. तेव्हा विमा कोठे संपतो आणि शासनाचे कर्तव्य कोठे सुरू होते, हे पालकांनी आधीच जाणून घ्यावे आणि मुलाचे नाव भारतीय दूतावासाकडे पोहोचताच नोंदवावयास लावावे.

आखातात मजुरीस जाणाऱ्याला तर शासनानेच विमा देऊ केला आहे. दहावी नसलेल्या आणि आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत रोजगारासाठी जाणाऱ्या कामगारास प्रवासी भारतीय बीमा योजना बंधनकारक करण्यात आली. २०१७ मधील सुधारणेनुसार दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर, एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वास १० लाख रुपयांचे संरक्षण ठरले. परंतु ते रीतसर रोजगाराच्या परवान्याशी जोडलेले आहे. "भेटीच्या व्हिसावर चल, तिथे काम लावून देतो" असे सांगणारा दलाल त्या गरिबाची नोकरीच नव्हे, तर त्याच्या बायकामुलांचा हक्कही धोक्यात घालतो.

विमा घेतल्यानंतरही काम संपत नाही. मदत केंद्राचा दूरध्वनी क्रमांक आईवडिलांच्या खिशात आणि मुलांच्या भ्रमणध्वनीत असावा. रुग्णालयात दाखल होताच कळवावे. सामान हरवले तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीकडून लेखी नोंद घ्यावी, पारपत्र हरवले तर पोलिसांचा अहवाल घ्यावा, बिले व पावत्या जपाव्यात. नांदेडची वा लातूरची गाडी मुंबईस उशिरा पोहोचून विमान चुकले, तर भरपाई मिळेलच असे नाही, हेही निघण्यापूर्वी तपासावे. दावा अन्यायाने फेटाळला, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर वर्षाच्या आत पुणे येथील विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा विचार होतो. पण हा मार्ग येथील किती जणांना माहीत आहे? ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि महाविद्यालयांनी वर्षातून एकदा जरी या विषयावर मार्गदर्शन ठेवले, तर अनेक घरे वाचतील.

विमापत्र वाचावयास एक संध्याकाळ पुरते. पेट्यांचे वजन करण्यातही तेवढाच वेळ जातो. ज्या शिक्षकाने तीस वर्षे मुलांना "आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" असे बजावले, त्याने स्वतःच्या आयुष्याच्या पुंजीवर सही करताना प्रश्नावली दलालाच्या हाती सोपवू नये.