उशिरां सांपडलेला कागद

मुंबईच्या गिरगांव-दादरकडील आणि पुण्याच्या पेठांतील पुष्कळ कुटुंबांचें मूळ घर पेण किंवा रोहें तालुक्यांत आहे. नोकरी शहरांत, आणि भातशेती, खारवट, पडवीचें घर व चार आंब्याचीं झाडें गांवाकडे, अशी ही विभागणी तीनचार पिढ्यांची झाली. तिच्याबरोबर कागदांचीहि विभागणी होते. खरेदीखत एका काकांकडे, साऱ्याच्या पावत्या दुसऱ्या काकांकडे, आणि जुनीं पत्रें कोणा आत्याबाईंच्या पत्र्याच्या पेटींत. कुटुंबांत सलोखा आहे तोंवर या विखुरलेल्या दप्तराची कोणास आठवण होत नाहीं. जमिनीला भाव येतो, वाटणीचा दावा उभा राहतो, साक्षी सुरू होतात, आणि मग एके दिवशीं ती पेटी उघडली जाते.

अशा वेळीं निघालेला कागद न्यायालय घेतें काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यासंबंधीं लोकांत दोन समजुती आढळतात. कागद खरा असला म्हणजे तो केव्हांहि दाखवितां येतो, ही एक. वेळ एकदां टळली कीं कागद रद्दीच्या मोलाचा, ही दुसरी. श्रोतेहो, दोन्ही समजुती सारख्याच घातक आहेत. पहिलीनें माणूस गाफील राहतो. दुसरीनें तो हातीं आलेला खरा पुरावा वकिलास दाखवीतसुद्धां नाहीं.

विषय स्पष्ट होण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घेऊं, आणि जुन्या शास्त्रकारांच्या रीतीप्रमाणें पक्षकारांस देवदत्त व यज्ञदत्त म्हणूं. दोघे चुलतभाऊ. देवदत्त दादरला राहतो, यज्ञदत्त पेणजवळ वडिलोपार्जित शेत कसतो. आजोबांच्या त्या शेतांतील अर्धा हिस्सा मागण्यासाठीं देवदत्तानें पेणच्या दिवाणी न्यायालयांत दावा लावला. यज्ञदत्ताची कैफियत अशी कीं, वाटणी पन्नास-साठ वर्षांपूर्वींच झाली, शेत माझ्या वडिलांच्या वांट्यास आलें, आणि तेव्हांपासून वहिवाट आमची एकट्याची. वादमुद्दे निघाले. देवदत्ताची साक्ष होऊन गेली. पुढें गणपतीच्या सुटींत तो रोह्यास आत्याकडे गेला असतां तिच्या पेटींत एक पोस्टकार्ड निघालें. १९७१ सालीं यज्ञदत्ताच्या वडिलांनीं देवदत्ताच्या वडिलांना तें लिहिलें होतें. मजकूर एवढाच कीं, यंदा तुमच्या वांट्याचें भात चार पोतीं झालें, तें पाठवीत आहे. 'तुमच्या वांट्याचें' या दोन शब्दांवर अर्धें शेत येतें किंवा जातें. वाटणी पूर्वींच झाली असती तर १९७१ सालीं देवदत्ताच्या वडिलांचा वांटा उरलाच कसा?

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार वादीनें ज्या कागदांवर दावा उभारला, किंवा ज्यांचा तो आधार घेणार, ते सर्व वादपत्राबरोबरच, यादी जोडून दाखल करावयाचे असतात. एखादा कागद आपल्या ताब्यांत नसेल तर तो कोणापाशीं आहे, हें शक्य तोंवर लिहावयाचें असतें. प्रतिवादीस हाच नियम कैफियतीच्या वेळीं लागू होतो. मूळ कागद वादमुद्दे ठरण्याच्या वेळीं किंवा त्यापूर्वीं न्यायालयापुढें आले पाहिजेत. ही वेळ टळल्यावर मात्र कागद पुराव्यांत येतो तो केवळ न्यायालयाच्या परवानगीनें. पूर्वीं संहितेंत असा स्वतंत्र नियम होता कीं, उशिराचें सबळ कारण दाखविल्याशिवाय कागद घेऊं नये. तो नियम १ जुलै २००२ पासून वगळण्यांत आला. त्यावरून कांहींनीं उशिराचे कागद यापुढें येणारच नाहींत असा तर्क केला. तो चुकीचा आहे. दार बंद झालें नाहीं. त्यावरची पाटी तेवढी बदलली, आणि 'परवानगी' हा शब्द तेथें आला.

हा कडकपणा कशासाठीं, असें सामान्य माणसास वाटतें. खरा कागद काल काय, आज काय, खराच. पण न्यायाधीशासमोर खरा आणि बनावट असे दोन्ही कागद सारख्याच नम्रतेनें येतात. साक्षीपुरावा पुढें गेला म्हणजे आपल्या बाजूस भगदाड कोठें आहे हें पक्षकारास कळतें, आणि त्या भगदाडाच्या नेमक्या मापाचा कागद तयार करण्याचा मोह तेव्हांच होतो. चुलीवरच्या माळ्यावर चार दिवस धुरांत ठेवला तर नवा कागदहि आजोबांच्या वयाचा दिसूं लागतो! उशीर हा स्वतः दोष नव्हे, पण तो संशयाला जागा करून देतो. ती जागा भरून काढण्याचें काम कागद आणणाऱ्याचें.

आमच्या पोस्टकार्डापुरतें बोलावयाचें तर कागदाची परीक्षा कागदांतच असते. कुलाबा जिल्ह्याचें नांव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झालें. १९७१ सालच्या कार्डावर 'जिल्हा रायगड' असें आढळलें तर पुढें कांहीं वाचावयास नको. पत्त्यांतील सहा आंकडी पिन क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. तो क्रमांक त्या पत्त्यांत असेल तरी तेंच. उलट टपालाचा शिक्का वाचतां येत असेल, तर त्यावरची तारीख म्हणजे सरकारी खात्यानें, कोणत्याहि तंट्याच्या कितीतरी आधीं, ठेवलेली साक्षच. जुन्या घरांतून पत्रें संभाळतांना तिकिटें व शिक्के मुलांना कापून देण्याची चाल आहे, ती किती महाग पडूं शकते हें यावरून दिसेल.

परवानगीचा अर्ज आला म्हणजे न्यायालय मुख्यतः तीन गोष्टी पाहतें. कागदाचा वादमुद्द्याशीं संबंध आहे काय. तो आधीं कां आला नाहीं. आणि आतां घेतला तर समोरच्याचें असें नुकसान होईल काय, कीं जें पुन्हां साक्ष घेऊन किंवा खर्च देववून भरून निघणार नाहीं. २०२० सालीं तामिळनाडूंतील एका दाव्याच्या निमित्तानें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, प्रक्रियेचे नियम हे न्यायाचे सेवक आहेत, आणि समोरच्या पक्षाचें गंभीर नुकसान होत नसेल तर अशा अर्जाकडे सौम्य दृष्टीनें पाहावें. मात्र कारण सांगावेंच लागतें. 'नजरचुकीनें राहून गेला' हें वाक्य कोर्टाच्या भिंतींनीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं त्यांत आतां कांहीं अर्थ उरला नाहीं. देवदत्तानें शपथपत्रावर सांगावें कीं, कार्ड अमुक दिवशीं, अमुक घरीं, अमुक माणसासमक्ष निघालें. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांची पेटी आत्याकडे गेली होती. आणि सांपडल्यावर आठ दिवसांच्या आंत अर्ज केला. आत्यानेंहि शपथपत्र द्यावें. पन्नास वर्षांचा उशीर एका पेटीच्या हकीकतीनें समजून घेतां येतो. सांपडल्यानंतरचा सहा महिन्यांचा उशीर समजून घेणें फार अवघड.

येथें एक भेद करावासा वाटतो. सातबाराचे उतारे, फेरफार किंवा नोंदलेल्या खरेदीखताची नक्कल हे कागद सरकारी दप्तरांतून कोणासहि मागवितां येतात. म्हणून ते उशिरां आणण्यास सबब फारशी नसते. तरीसुद्धां ते सहज घेतले जातात, कारण त्यांत बनावटीची भीति थोडी. खाजगी पत्राचें याच्या अगदी उलट. सबब चांगली असते, पण संशय दाट. अर्ज लिहितांना आपला कागद कोणत्या जातीचा हें ओळखून त्याप्रमाणें लिहावा.

कायद्यानें एक आडवाटहि ठेवली आहे. समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराच्या उलटतपासणीसाठीं आणलेल्या कागदास आधीं दाखल करण्याचें बंधन नाहीं. आगाऊ दाखविला तर साक्षीदार उत्तर घडवून येईल, हें त्याचें कारण. पण प्रतिवादी स्वतःच साक्षीस उभा राहिला तर तो 'साक्षीदार' कीं 'पक्षकार'? या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयांत मतभेद झाले होते. डिसेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, या बाबतींत पक्षकार आणि इतर साक्षीदार यांत फरक नाहीं. यज्ञदत्ताची साक्ष अजून व्हावयाची असल्यामुळें तें कार्ड त्याच्या हातांत देऊन 'हें अक्षर तुमच्या वडिलांचें काय?' असें विचारतां येईल. तो होय म्हणाला तर काम झालें. नाहीं म्हणाला तर मात्र कार्ड आपोआप शाबीत होत नाहीं. म्हणून केवळ या वाटेवर विसंबून न राहतां परवानगीचा अर्जहि करून ठेवावा, असें माझें मत आहे.

कारण दाखल होणें आणि शाबीत होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कागद मिसलींत आला म्हणजे त्यावर निशाणीचा आंकडा पडलाच असें नव्हे, आणि निशाणी पडली म्हणजे आंतला मजकूर खरा ठरला असेंहि नव्हे. अक्षर ओळखणारा कोणी हवा. तीस वर्षांहून जुना कागद जेथें असणें स्वाभाविक अशा ठिकाणाहून आला, तर अक्षर व सही ज्याची दिसते त्याचीच असें न्यायालय गृहीत धरूं शकतें. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा तीस वर्षांचा नियम कायम आहे. येथें पुन्हां आत्याची पेटी आडवी येते. देवदत्ताच्या वडिलांचें कार्ड रोह्यास कसें गेलें, याचा उलगडा झाला तरच तें ठिकाण स्वाभाविक ठरेल.

आणि हें सारें निकालानंतर सुचलें तर? पेणच्या निकालावर साधारणतः अलिबागच्या जिल्हा न्यायालयांत अपील होतें. तेथें नवा पुरावा घेण्याचीं दारें फार अरुंद आहेत. खालच्या न्यायालयानें तो चुकीनें नाकारला असावा, किंवा योग्य ती खटपट करूनहि तो त्या वेळीं हातीं आला नसावा, किंवा निकाल देण्यास अपील-न्यायालयासच त्याची गरज भासावी. १९०७ सालीं जी. आय. पी. रेल्वेविरुद्धच्या मुंबईंतील एका खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें बजावलें होतें कीं, ही गरज मिसलींतील पुरावा तपासतांना न्यायालयास जाणवली पाहिजे. हरलेल्या पक्षास आपली बाजू सांवरण्यासाठीं ही सवलत नाहीं. पेणला जो अर्ज थोड्या खर्चावर मंजूर झाला असता, तोच अलिबागला बहुधा नामंजूर होईल. व्यापारी दाव्यांत तर २०१५ च्या कायद्यानें हे नियम पहिल्या पायरीपासूनच कडक केले आहेत. पण भाऊबंदांच्या शेताच्या दाव्यास ते लागत नाहींत.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. मूळ कार्ड कोर्टांत दिल्यावर तें गेलेंच, अशा भीतीनें पुष्कळ लोक झेरॉक्स दाखल करतात, आणि मूळ घरीं असून प्रत कां दिली या प्रश्नास उत्तर नसल्यामुळें अडचणींत येतात. मूळ कागद परत मिळतो. दावा निकालांत निघून अपिलाची मुदत संपली, किंवा अपील होऊन त्याचाहि निकाल लागला, म्हणजे अर्ज करून तो मागतां येतो. त्याआधींच हवा असेल तर प्रमाणित नक्कल मिसलींत ठेवून, मागतील तेव्हां मूळ कागद हजर करूं अशी हमी द्यावी लागते.