एक खिडकी, एक खुर्ची

पोर्ट्रेट काढायला लागल्यावर थोड्याच दिवसांत एक प्रश्न छळू लागतो: फोटो बरे येतात, पण ते आपले का वाटत नाहीत? मग नवी लेन्स येते, फिल्टर येतात आणि गोंधळ वाढतो. आपण तीन महिने काहीच विकत घेऊ नका. एक खिडकी, एक खुर्ची, एक लेन्स, एवढ्यावर भागवा. छायाचित्रकार आयर्विंग पेन यांनी १९४८ साली न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दोन फळ्यांचा अडचणीचा कोपरा केला आणि एकेका नामवंताला त्यात उभं केलं. कुणी ऐटीत टेकलं, कुणी अंग चोरून उभं राहिलं. कोपरा मात्र तोच. ते फोटो पेन यांचे म्हणून आजही लांबून ओळखू येतात.

आधी खिडकी निवडू. थेट ऊन आत येणारी नको. उत्तरेची मिळाली तर दिवसभर मऊ उजेड मिळतो. खुर्ची खिडकीपासून हातभर अंतरावर, जरा तिरकी ठेवा. आणि खोलीतली ट्यूब बंद करा. इथे जवळजवळ सगळेच चुकतात. ट्यूबचा आणि आकाशाचा उजेड एका रंगाचा नसतो, त्यामुळे दोन गाल दोन रंगांचे होतात आणि नंतर संगणकावर कितीही झटापट केली तरी ते नीट जुळत नाहीत. भिंत पिस्ता रंगाची असेल तर तोही रंग गालावर उतरतो.

खिडकीपलीकडचा गाल अंधारात जाईल. त्या बाजूला एक पांढरं कार्डशीट धरा. उजेड परतून गालावर येतो. जवळ आणलं की सावली फिकी, लांब नेलं की गडद. ती किती गडद ठेवायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आपली शैली घडायला इथूनच सुरुवात होते.

आता लेन्स. फोकल लेंथ म्हणजे लेन्स लांबचं किती जवळ दाखवते त्याचा आकडा. चेहऱ्यासाठी ५० ते ८५ मिलिमीटर सोयीची. मोबाइल असेल तर दोन पावलं मागे सरून दोनपट झूम वापरा. अगदी जवळून काढलं तर नाक फुगतं आणि कान मागे पळतात.

अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत येण्याची वाट. एफचा आकडा जेवढा लहान, तेवढी वाट मोठी आणि तेवढा नीट दिसणारा पट्टा अरुंद. नवी लेन्स आणली तेव्हा मी मावशीचे सगळे फोटो हौसेनं एफ १.८ वर काढले. पुढचा डोळा कोरीव, मागचा धूसर, आणि बऱ्याच फोटोंत दोन्ही डोळे सोडून नाकाचा शेंडा तेवढा स्पष्ट! एफ ४ पासून सुरुवात करा, फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा आणि शटर सेकंदाच्या १/१२५ पेक्षा हळू नको. बसलेला माणूसही हलतो.

मॉडेल कुठून आणायचं? घरातून. पुढे छायाचित्रकार म्हणून गाजलेल्या जुलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेकीजावयानं कॅमेरा दिला. त्यांच्या कितीतरी फोटोंतली मेरीमाता म्हणजे त्यांच्या घरची मोलकरीण मेरी हिलियर.

मात्र ओळखीचं माणूस असलं तरी दोन दिवस आधी बोलून घ्या: किती वेळ लागेल, कपडे कोणते, फोटो कुठे दाखवले जातील. संमती चार ओळींत लिहून घ्या. वय अठराच्या आत असेल तर पालकांची. सोबत कुणाला आणायचं असेल तर खुशाल आणू द्या.

प्रत्यक्ष बसल्यावर ‘जरा हसा बघू’ म्हणू नका. त्यानं दात दिसतात, हसू पळतं. हातांना काम द्या. चहाचा कप चालेल, चष्मा पुसणं चालेल. ‘डावीकडे’ म्हटलं की कुणाचं डावं, यात गोंधळ होतो. ‘कॅलेंडरकडे बघा’ म्हणा. बट सारायची असेल तर त्यांनाच सारू द्या. आणि स्क्रीनवर फोटो बघताना गप्प होऊ नका. आपण उजेड तपासत असतो, समोरच्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. खांदे लगेच आखडतात. छायाचित्रकार कार्श यांनी १९४१ साली ओटावात चर्चिल यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि तो जगप्रसिद्ध रागीट चेहरा टिपला. आपण हा प्रयोग काकांवर करू नये.

निवड त्याच संध्याकाळी नको, दुसऱ्या दिवशी करा. दर महिन्याला दहा फोटो छापून जमिनीवर मांडा. नजर खिडकीबाहेरच जाते का? हात सतत चौकटीत येतात का? ठरवून न करता जे पुन्हा पुन्हा येतं, ते आपलं. ते पुढच्या महिन्यात मुद्दाम करून बघा. सुरकुत्या पुसण्याची घाई मात्र नको. सुरकुत्या पुसलेला स्वतःचा फोटो बघून मावशीनं ‘ही कोण?’ असं विचारलं होतं.

कबूल केलेले फोटो आठवडाभरात मॉडेलला पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून टाकला तर तो दाबून लहान होतो.