‘अलबेला’तला ट्रम्पेटवाला

१९५१ सालचा ‘अलबेला’ बघताना नजर भगवानदादा आणि गीता बालीवरून हलत नाही. तरी ‘दीवाना परवाना’ या गाण्यात मागच्या वादकांकडेही एकदा नीट बघावं. झालरींचे क्युबन थाटाचे कपडे घातलेली ती माणसं एक्स्ट्रा नव्हेत. तो मुंबईतला खराखुरा बँड आहे आणि त्याचा म्होरक्या आहे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट.

त्याचं मूळ नाव अंतोनिओ झेवियर वाझ. जन्म १९१६चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. पोरानं मेकॅनिक होऊन इभ्रतीनं पोट भरावं, असं आईला वाटायचं. पोराच्या डोक्यात मात्र अमेरिकेचा जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग शिरला होता. पुढे मुंबईत ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा बँड नावारूपाला आला. १९४५ साली बारा बँडना मागे टाकून त्यांनी ताजमहाल हॉटेलशेजारच्या ग्रीन्स हॉटेलचं काम मिळवलं. लोक चिकला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

ट्रम्पेट शिकणं सोपं नाही. सनईला पत्ती असते, ट्रम्पेटला ती नसते. माउथपीसवर टेकलेले वादकाचे ओठच थरथरतात आणि सूर निघतो. नळी उलगडली तर जवळपास दीड मीटर भरेल. तिच्यावर व्हॉल्व्ह फक्त तीन. मधला दाबला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिला दाबला की एका स्वरानं, तिसरा दाबला की दीड स्वरानं. बाकी सगळं ओठांच्या ताणावर आणि दमावर. एकाच बोटस्थितीत ओठ आवळत नेले की वरचे वरचे सूर मिळत जातात, आणि ओठ थकले की आधी तेच वरचे सूर दगा देतात. आपल्या गाण्यातली मींड काढायची तर व्हॉल्व्ह अर्धवट दाबून, ओठ किंचित सैल सोडून सूर घसरवावा लागतो. लिहिलेल्या नोटेशनमध्ये हे सगळं सापडत नाही.

नोटेशन वाचणं मात्र गोव्याच्या या वादकांच्या हातचा मळ होता. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांमधून लहान मुलांना प्रार्थनासंगीतासाठी स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं मोठी झाली की नोकरीच्या शोधात मुंबईला येत, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिघरात, पथारी टाकत आणि हॉटेलांच्या बँडमध्ये शिरत. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतल्या रात्री फिक्या पडत गेल्या आणि सिनेमाच्या स्टुडिओतलं काम त्यांना जास्तच महत्त्वाचं वाटू लागलं.

स्टुडिओलाही त्यांची गरज होती. संगीतकार चाल गुणगुणून दाखवायचा. ती कागदावर उतरवून व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट अशा प्रत्येकासाठी वेगळा भाग लिहायचा अरेंजर. ट्रम्पेटचा भाग लिहिताना जपावं लागे: कागदावर ‘सी’ लिहिला तर या वाद्यातून ‘बी फ्लॅट’ ऐकू येतो, म्हणून सगळं एक स्वर चढवून लिहायचं. रेकॉर्डिंगला गायक आणि वादक एकाच वेळी उभे असत. एकाची चूक झाली की गाणं पुन्हा पहिल्यापासून.

नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेले ‘अलबेला’चे संगीतकार सी. रामचंद्र या बाबतीत फार जाणते होते. चिकला त्यांनी आपला सहायक केलं. ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ आजही वरातीत वाजतं, लोक नाचतात. त्या नाचऱ्या ठेक्यात रामचंद्रांच्या चालीइतकाच हळदोण्याच्या या माणसाच्या कानाचाही वाटा आहे, हे ठासून सांगायला हवं. कारण त्या काळी रेकॉर्डच्या लेबलावर वादकांची नावं छापतच नसत.

चिक पुन्हा पडद्यावर दिसतो तो १९६६च्या ‘आखरी खत’मध्ये. खय्याम यांचं ‘रुत जवाँ जवाँ’ क्लबात गातोय तरुण भूपिंदर सिंग, आणि ट्रम्पेट धरलाय चिकनं. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, तो गेला.

त्याच पिढीतला दुसरा ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड. हिंदी संगीतकारांच्या हाताखाली वर्षानुवर्षं अरेंजर म्हणून राबलेल्या या माणसानं कमाई कोकणी सिनेमात घातली. ‘आमचें नशीब’ (१९६३) त्यानं काढला आणि संगीत दिलं ख्रिस पेरीनं, तोही ट्रम्पेटवालाच. फर्नांडच्या ‘निर्मोण’वरून (१९६६) पुढे हिंदीत ‘तकदीर’ निघाला. मुंबईच्या स्टुडिओत निनावी राहिलेली ही माणसं कोकणी घराघरांत नावानिशी ओळखली जातात.

सिंथेसायझर आल्यावर एकेका गाण्याला डझनावारी वादक लागेनासे झाले. राहुलदेव बर्मन यांच्याकडे वाजवणारे किशोर सोढा पुढच्या काळात मुंबई-पुण्याच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांतून ट्रम्पेट घेऊन रंगमंचाच्या पुढच्या बाजूला आले. निवेदक आधी त्यांचं नाव घेतो, त्यांनी कुठल्या गाण्यात वाजवलंय ते सांगतो आणि मग गाणं सुरू होतं.