नृत्यशिक्षणातील लेखी टिपण : एक भाषिक विचार

नृत्य ही गुरुमुखातून घ्यावयाची विद्या आहे, पुस्तकातून घ्यावयाची नव्हे, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. ती सर्वस्वी चूक नाही. परंतु तिच्यावरून नृत्याच्या वर्गात लेखनास स्थानच नाही असा निष्कर्ष काढला जातो, तो मात्र तपासून पाहावयास हवा. विद्यार्थ्याने रोजच्या पाठाविषयी लिहिलेल्या आणि गुरू व सहाध्यायी यांना वाचावयास खुल्या असलेल्या टिपणाचे कार्य कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

नृत्य लिहून ठेवण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार शास्त्रग्रंथांचा. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणांची नावे व लक्षणे दिली आहेत. चिदंबरम् येथील नटराजमंदिराच्या गोपुरांत या करणांची शिल्पेही आहेत. असे असूनही करणांचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्यांत एकमत नाही. लक्षणश्लोकात हाता-पायांच्या अवस्था सांगितल्या जातात. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत कसे जावे हे बहुतांशी गृहीत धरलेले असते. डॉ. पद्मा सुब्रह्मण्यम् यांनी करण ही स्थिर आकृती नसून गतीचा घटक आहे अशी भूमिका घेऊन त्यांची पुनर्रचना केली. त्यासाठी त्यांना ग्रंथ, शिल्प आणि स्वतःचे शरीर या तिन्हींचा आधार घ्यावा लागला. श्लोक एकटा पुरा पडला नाही.

दुसरा प्रकार नृत्यलिपींचा. पॅरिसमध्ये १७०० साली फ्येये याने नर्तकाचा मार्ग कागदावर रेखून त्यावर पदन्यासाची चिन्हे देण्याची पद्धती प्रसिद्ध केली. रुडॉल्फ लाबान याने १९२८ साली मांडलेली लिपी अधिक सूक्ष्म आहे. ती खालून वर वाचावयाची असते. मधल्या रेषेच्या दोन बाजूंस शरीराच्या दोन बाजू दाखविल्या जातात. आणि चिन्हाच्या लांबीवरून हालचालीस लागणारा काळ कळतो.

तिसरा प्रकार आपल्या विशेष परिचयाचा, तो बोलांचा. कथकचा विद्यार्थी ‘ता थेई थेई तत्’ हे बोल पायांनी काढतो, तसेच हाताने ताल धरून त्यांची पढंतही करतो. बोल वहीत लिहिता येतात, आणि ते लिहून घेण्याचा प्रघातही आहे. मात्र बोलांत प्राधान्याने लय नोंदली जाते, आकृती नव्हे. एकाच तोड्याच्या बोलांवर दोन गुरू दोन निराळे अंगविक्षेप बसवू शकतात.

या तिन्ही प्रकारांत एक समान मर्यादा आहे. काय करावयाचे ते त्यांत नोंदले जाते. ते शिकताना काय घडले ते नोंदले जात नाही. विद्यार्थ्याचे टिपण हा चौथा प्रकार नेमकी हीच उणीव भरून काढतो. मायकेल पोलान्यी याने १९६६ साली ‘अनुक्त ज्ञाना’ची कल्पना विस्ताराने मांडली. आपण सांगू शकतो त्याहून अधिक आपल्याला येत असते, असा तिचा आशय होय. नृत्य हे अशा ज्ञानाचे ठळक उदाहरण आहे. तथापि वर्गात गुरू मुका राहत नाही. तो सतत बोलत असतो, आणि त्याच्या बोलण्याचा भाषिक विचार आपल्याकडे जवळजवळ झालेलाच नाही.

महाराष्ट्रातील कथकच्या वर्गाचे उदाहरण घेऊ. तेथील संज्ञा बहुधा हिंदी वा संस्कृत असतात: आमद, ठाट, तोडा, परण, तिहाई, हस्तक. पण या संज्ञा ज्या वाक्यांत येतात त्यांची क्रियापदे मराठी असतात: घे, धर, सोड, टाक, उचल. संज्ञांचे अर्थ ग्रंथांत सापडतात. या क्रियापदांचे वर्गातील अर्थ कोठेही नोंदलेले नसतात. शिकविण्याचा खरा भार मात्र त्यांच्यावरच पडतो.

पुढील तीन आज्ञा पाहाव्यात: ‘हात वर ने’, ‘हात वर नेऊन ठेव’, ‘हात वर जाऊ दे’. तिन्हींत हात वरच जातो. पहिल्या आज्ञेत क्रिया हेतुपूर्वक करावयाची आहे, पण तिचा शेवट सांगितलेला नाही. दुसरीत ‘ठेवणे’ या क्रियापदामुळे क्रिया पुरी करून तिचे फल टिकवावयाचे आहे. येथे हात ठाम थांबला पाहिजे. तिसरीत हात हाच जणू कर्ता होतो आणि विद्यार्थ्याने केवळ अडथळा करावयाचा नसतो. व्याकरणात ज्याला आपण संयुक्त क्रियापदांचा अर्थभेद म्हणतो, तो येथे स्नायूंतील भेद होऊन उतरतो.

आता समजा, गुरूने तिसरी आज्ञा दिली आणि विद्यार्थिनीने संध्याकाळी टिपणात लिहिले, ‘आज हात वर नेला, पण खांदा ताठ राहिला.’ गुरूच्या दृष्टीस ताठ खांदा वर्गातच पडला असेल. त्याचे कारण ‘नेला’ या शब्दात दडले आहे. ‘जाऊ दे’ असे सांगितलेले तिने ‘ने’ असे ऐकले. टिपणावाचून हे उमगणे कठीण, कारण वर्गात तिला बोलण्यास अवसर नव्हता आणि तिला स्वतःलाही हा फरक जाणवला नव्हता.

टिपण सर्वांना खुले असण्याचे प्रयोजनही यातच आहे. एकाच पाठाविषयी पाच जणींनी लिहिले म्हणजे एका वाक्याची पाच श्रवणे समोर येतात. एकीची अडचण वाचून दुसरीला स्वतःची अडचण ओळखता येते. वर्षभराच्या टिपणांतून त्या वर्गाची परिभाषा आपोआप साठत जाते.

पद्धती साधी असावी. टिपण त्याच दिवशी लिहावे. आधी काय केले, मग कोठे अडले, शेवटी एक प्रश्न, एवढाच क्रम पुरे. गुरूचे वाक्य आठवेल तसे, त्याच्याच शब्दांत उतरावे. त्याचा अर्थ लावण्याची घाई करू नये. गुरूने समासात उत्तर द्यावे, तेही शक्यतो पुढील रियाजास दिशा देणारे.

यावर काही आक्षेप संभवतात. लिहिण्यात रियाजाचा वेळ जातो, हा पहिला. दहा ओळींची मर्यादा घातल्यास तो फारसा उरत नाही. मोबाइलवर चित्रफीत घेता येत असताना लेखन कशाला, हा दुसरा. चित्रफितीत शरीराचा बाह्याकार दिसतो. वजन कोठे होते, लक्ष कशाकडे होते, कोणता शब्द मनात होता, हे तीत दिसत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्यांना चांगले लिहिता येते तेच चांगले नर्तक ठरतील. हा धोका खरा आहे. म्हणूनच टिपणांना गुण देऊ नयेत. गुण दिले की विद्यार्थी गुरूस रुचेल ते लिहू लागतो आणि टिपणाचा प्राणच जातो. शरीराविषयी लिहिताना काही गोष्टी खाजगी राहणार, हेही मान्य करावयास हवे. खुल्या टिपणात काय घालावयाचे याचा निर्णय लिहिणाऱ्याचाच असावा.

नृत्य आणि लेखन यांचा विरोध मुळात नाही, याची साक्ष आपल्याजवळच आहे. पुण्यात १९४७ साली नृत्यभारती ही संस्था स्थापन करणाऱ्या रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांनी ‘माझी नृत्यसाधना’ लिहिले, इझाडोरा डंकनचे आत्मचरित्र मराठीत आणले आणि अभिनयदर्पणाचा कथकच्या दृष्टीने विचार केला. लेखनाने त्यांच्या नृत्याची हानी झाली असे कोणी म्हणणार नाही. मात्र असे ग्रंथ सिद्धीनंतरचे असतात. साधनेच्या काळातील शब्द, म्हणजे चुकलेली तिहाई, निसटलेली सम, गुरूचे एखादे अचूक वाक्य, हे वर्ग सुटताच हवेत विरते.

भाषाभ्यासकांचेही यात काम आहे. मराठीत शरीराच्या गतीसाठी किती क्रियापदे आहेत आणि शिक्षक त्यांतील कोणती कोणत्या कार्यास लावतात, याचा संग्रह अशा टिपणांवरून करता येईल. शब्दकोशात ‘सोडणे’ याचे अनेक अर्थ सापडतात. नर्तकीच्या खांद्याला तो शब्द काय सांगतो, हा अर्थ त्यांत घालावयाचा राहिला आहे. तो गुरूंच्या एका पिढीबरोबर नाहीसा होण्यापूर्वी नोंदला जावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.